मकरान ते मुंबई : पावणेपाच तास

२८ नोव्हेंबर १९४५, बुधवार. सकाळी ८ वाजून १५ मिनिटांनी मुंबईच्या किनाऱ्यावर समुद्र सुमारे दोन मीटरने वर आला. पंधरा माणसं गेली. हे पाणी उठवणारा भूकंप पहाटे ३ वाजून २७ मिनिटांनी झाला होता. ठिकाण सुमारे १,२०० किलोमीटर दूर, बलुचिस्तानच्या मकरान किनाऱ्याजवळ. मधला वेळ पावणेपाच तासांचा.

पुढच्या सगळ्या वेळा भारतीय प्रमाणवेळेच्या आहेत. युद्धासाठी तासभर पुढे सरकवलेली घड्याळं दीड महिन्यापूर्वीच, १५ ऑक्टोबरला, मागे आली होती. फाळणी अजून व्हायची होती. कराचीची आणि मुंबईची प्रमाणवेळ एकच होती.

४२१ वर्षे आधी : सप्टेंबर १५२४, दाभोळसमोर

वास्को द गामा तिसऱ्यांदा, आता व्हाइसरॉय म्हणून, हिंदुस्थानात येत होता. त्याचा ताफा दाभोळच्या समोर असताना, वारा पडलेला आणि पाणी शांत असूनही, गलबतं हादरू लागली. खलाशांना वाटलं, तळ खडकाला लागला. होड्या खाली सोडल्या, ओळंबे टाकून खोली पाहिली. खाली खडक नव्हता. थोड्या वेळाने हादरे थांबले आणि ताफा पुढे गेला.

पोर्तुगीज बखरकारांनी हा प्रसंग लिहून ठेवला, पण गामाच्या प्रवासातला एक नवलाचा प्रसंग म्हणून. पश्चिम किनाऱ्यावर समुद्राखालून धक्का बसू शकतो याची ती लेखी नोंद होती. तशी ती वाचली जायला चार शतकं लागली.

६२ वर्षे आधी : ऑगस्ट १८८३, वांद्रे

२७ ऑगस्टला जावा आणि सुमात्रा यांच्यामधला क्राकाटोआ ज्वालामुखी फुटला. त्यानंतर मुंबईजवळ वांद्र्याला किनाऱ्यावरच्या लोकांनी एक विचित्र भरती पाहिली. पाणी नेहमीच्या वेळी आलं आणि मग एकाएकी जोराने मागे हटलं. माशांना पाण्याबरोबर परतायलाही वेळ मिळाला नाही. ते वाळूत तडफडत राहिले आणि लहानथोर कोळी ते वेचायला धावले. तेवढ्यात पाणी मोठ्या वेगाने किनाऱ्याकडे परतलं. असं दोनतीनदा झालं. असं काही पाहिलं-ऐकलं नाही, असं म्हातारी माणसं म्हणाली.

लंडनच्या रॉयल सोसायटीने १८८८ मध्ये क्राकाटोआवर जाडजूड अहवाल छापला. वांद्र्याचं हे वर्णन त्यात आहे. अपोलो बंदरावर १८७८ पासून भरतीमापक चालू होता. भारतीय सर्वेक्षण खात्याच्या मेजर बेअर्ड यांनी देशातल्या अशा यंत्रांवर उमटलेल्या क्राकाटोआच्या खुणा जमवून प्रसिद्धही केल्या.

म्हणजे यंत्र होतं, प्रत्यक्षदर्शी होते, छापील अहवाल होता. फक्त किनाऱ्यावर सूचना देणारी व्यवस्था नव्हती. पुढच्या ६२ वर्षांतही ती उभी राहिली नाही.

मंगळवार, २७ नोव्हेंबर १९४५, रात्र : मकरानचा तळ

मकरान किनाऱ्यासमोर अरबी भूपट्ट उत्तरेकडे सरकत युरेशियन भूपट्टाखाली जातो. वेग वर्षाला काही सेंटिमीटर. दोन्ही पट्ट जिथे एकमेकांत अडकतात तिथे ही हालचाल थांबल्यासारखी दिसते, पण ताण साठत राहतो. अडकलेला भाग सुटतो तेव्हा वरचा समुद्रतळ झटक्यात उचलला जातो आणि त्याच्यावरचं सगळं पाणी त्याच्याबरोबर उचललं जातं. वारा फक्त पृष्ठभाग ढवळतो. इथे तळापासून माथ्यापर्यंतचा पूर्ण स्तंभ हलतो.

मुंबईत दिवाळी होऊन तीन आठवडे झाले होते. युद्ध संपून तीन महिने. दिल्लीच्या लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या अधिकाऱ्यांवरचा खटला चालू होता आणि वर्तमानपत्रांचं लक्ष तिकडे होतं.

पहाटे ३.२७ : ८.१५ ला ४ तास ४८ मिनिटे

तीव्रता ८.१. पसनी आणि ओरमारा या बंदरगावांतली घरं पडली. कराचीत खिडक्या खडखडल्या. कराचीच्या पश्चिमेकडे रास मुआरीच्या दीपगृहाचं नुकसान झालं. हिंगोल नदीच्या मुखासमोर समुद्रातल्या चिखल-ज्वालामुखींतून वायू उसळला आणि पेटला. पाण्यातून चिखलाची छोटी बेटं वर आली.

ओरमाऱ्याचा किनारा सुमारे दोन मीटर उचलला गेला. तितकंच किंवा त्याहून जास्त काही समुद्रतळालाही झालं असणार. पाणी दोन्ही दिशांनी निघालं, उत्तरेला किनाऱ्याकडे आणि दक्षिणेला खुल्या समुद्राकडे.

३.३० : ४ तास ४५ मिनिटे

भूकंपाच्या पहिल्या लहरी खडकातून सेकंदाला सातआठ किलोमीटर धावतात. या हिशेबाने तीन मिनिटांच्या आत त्या मुंबईखाली पोचल्या. कुलाब्याच्या वेधशाळेत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून भूकंपमापक होता.

त्या काळच्या अनेक यंत्रांत नोंद प्रकाशचित्रणाच्या कागदावर उमटे. कागद काढून धुतल्याशिवाय रेघ दिसत नसे. रेघ दिसली तरी एका ठिकाणच्या नोंदीवरून फार तर अंतर कळे. नेमकी जागा काढायला इतर वेधशाळांचे आकडे लागत आणि ते तारेने किंवा टपालाने येत. समुद्राखालचा मोठा भूकंप म्हणजे लाटेची शक्यता, असा नियम इथल्या कोणत्याही कार्यपद्धतीत नव्हता. शहर झोपलेलं होतं.

३.४५ : ४ तास ३० मिनिटे

कराची आणि मस्कत यांना जोडणारी समुद्राखालची तारवाहिनी एव्हाना बंद पडलेली होती. केबल तुटणं हा तारखात्याच्या दृष्टीने दुरुस्तीचा विषय असतो. तळावरची केबल तुटली म्हणजे तळ सरकला, हे अनुमान पुढे शास्त्रज्ञांनी काढलं. त्या पहाटे फक्त तिकडचा संदेश यायचा बंद झाला.

४.०० : ४ तास १५ मिनिटे

लाट खुल्या अरबी समुद्रात होती. अशा लाटेचा वेग पाण्याच्या खोलीवर ठरतो. तीन हजार मीटर खोलीवर तो ताशी सुमारे ६०० किलोमीटर भरतो. उंची मात्र तिथे अगदी कमी असते आणि एका माथ्यापासून दुसऱ्या माथ्यापर्यंतचं अंतर शेकडो किलोमीटरांचं. त्यावरून जाणाऱ्या जहाजाला काही जाणवत नाही. जहाजांकडून इशारा मिळण्याची वाट अशी आपोआप बंद होती.

५.०० : ३ तास १५ मिनिटे

याच हिशेबाने लाट या सुमारास मुंबईसमोरच्या उथळ पट्ट्याच्या कडेशी आली. हा पट्टा इथे सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, भारताच्या किनाऱ्यावरचा एक फार रुंद भाग. खोली हजारो मीटरांवरून शंभराच्या आत येते. वेग ताशी ६०० वरून १०० किलोमीटरपर्यंत उतरतो आणि किनाऱ्याकडे येताना आणखी घटतो.

एकूण अंतराचा तीन चतुर्थांश भाग लाटेने दीड तासात कापला होता. उरलेल्या चतुर्थांशाला तीन तासांहून जास्त लागणार होते. मुंबईला जो वेळ मिळाला तो या उथळपणामुळे मिळाला.

५.१५ च्या सुमारास : ३ तास

पसनी. भूकंपानंतर लगेच आलेलं पाणी फार मोठं नव्हतं. मोठी लाट दीड-दोन तासांनी आली. तिने तारघर, टपालघर आणि किनाऱ्यालगतच्या सरकारी इमारती उद्ध्वस्त केल्या. समुद्राखाली झालेली दरड-कोसळ या उशिरामागे असावी असं अनेक अभ्यासक मानतात.

पसनीहून काय झालं ते कळवू शकणारी जागा म्हणजे तारघर. ते आता नव्हतं.

५.३० : २ तास ४५ मिनिटे

कराची बंदरात पहिली लाट पोचली. मोठी नव्हती.

कराची ही नऊ वर्षांपूर्वीपर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होती. १ एप्रिल १९३६ ला सिंध वेगळा प्रांत झाला. दोन्ही बंदरांमध्ये तारेची जोडणी होती, रोजचा व्यापार होता, जहाजांच्या येण्याजाण्याचे निरोप होते. कराचीने भूकंप अनुभवला होता आणि दोन तासांनी समुद्राची अवेळी हालचालही पाहिली होती. या दोन गोष्टी जोडून तिसरी मुंबईला कळवायची, हे कोणाच्याही कामाच्या यादीत नव्हतं.

मुंबईच्या किनाऱ्यावर कोणतीही आगाऊ सूचना पोचली नाही.

६.०० : २ तास १५ मिनिटे

कार्तिक वद्य अष्टमी-नवमीची संधी. कोकण किनाऱ्यावर भरतीची वेळ काढायचा ठोकताळा सोपा आहे. तिथीला तिनाने गुणा आणि चाराने भागा, जे येईल ते पूर्ण भरतीचं घड्याळ. अष्टमीला सहा, नवमीला पावणेसात.

हे भांगाचे दिवस. पौर्णिमेपासून नऊ दिवस दूर, अमावास्येला सहा दिवस बाकी. भांगात पाणी फार चढत नाही, फार उतरतही नाही. उधाणाच्या दिवशी कोळी होड्या वर ओढतो, दोर तपासतो. भांगाच्या दिवशी ती धास्ती नसते. पंचांगाप्रमाणे हा महिन्यातल्या सौम्य दिवसांपैकी एक होता. सातनंतर ओहोटी लागणार होती.

६.५० : १ तास २५ मिनिटे

सूर्योदयाची वेळ. नोव्हेंबर-डिसेंबर हा बोंबील सुकवायचा हंगाम. वर्सोवा, दांडा, जुहू या कोळीवाड्यांत मासे वाळवायच्या बांबूच्या वलांड्या किनाऱ्यालगत, पाण्यापासून थोड्या पावलांवर उभ्या असतात. ओल्या बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोड्या करायच्या आणि त्या दोरीवर टांगत जायच्या. हे काम सकाळचं आणि किनाऱ्यावरचं.

७.०० आणि ७.१५ : तासाभरावर

कराचीत दुसरी लाट, पंधरा मिनिटांनी तिसरी. पहिल्या लाटेला दीड तास होऊन गेला होता. पाणी अजून शांत झालेलं नव्हतं. या घडीलासुद्धा कराचीची तार मुंबईच्या बंदर अधिकाऱ्यांना एक तास आधी मिळू शकली असती.

७.३० : ४५ मिनिटे

महालक्ष्मीसमोर हाजी अलीचा दर्गा समुद्रात आहे. किनाऱ्यापासून तिथे जाणारी वाट अरुंद आणि सखल. भरतीचं पाणी तिच्यावर चढतं, ओहोटीला ती मोकळी होते. जाणारा माणूस पाणी बघून वाट धरतो. पाणी उतरत असेल तर पुढचे काही तास आपले, हा तिथला साधा हिशेब. त्या सकाळी ठोकताळ्याप्रमाणे पाणी उतरणीला लागलेलं होतं.

८.१५

कराचीत चौथी लाट आली. चारही लाटांत ती सर्वांत मोठी होती, सुमारे साडेचार फूट. पहिलीनंतर पावणेतीन तासांनी.

त्याच वेळी मुंबईत समुद्र वर आला. पाहिलेल्यांनी भरतीसारखंच वर्णन केलं. पाणी फुगत आलं, फक्त अतिशय भराभर. भिंतीसारखी उभी लाट नव्हती. उंची सुमारे साडेसहा फूट. ओहोटीच्या वेळी.

वर्सोव्याला पाच जण मरण पावले आणि मासेमारीच्या अनेक होड्यांचं नुकसान झालं. हाजी अलीपाशी सहा जण समुद्रात ओढले गेले. दांडा आणि जुहूला होड्या दोर तोडून वाहत गेल्या. आतल्या बाजूच्या मुंबई बंदरात नुकसान झालं नाही. दक्षिणेला कारवारपर्यंत पाण्याची हालचाल जाणवली.

मुंबईतला एकूण आकडा पंधरा. मकरान किनाऱ्यावरच्या मृतांचा चार हजार हा आकडा वर्षानुवर्षं छापला गेला. अलीकडचे अभ्यासक तो फुगवलेला मानतात आणि काही शेकड्यांच्या घरात ठेवतात.

नंतरचे तास

अपोलो बंदराच्या भरतीमापकाचा कागद फिरत होता आणि पेन वरखाली होत होतं. कराचीतही तसंच. या दोन कागदांवरच्या रेघा गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी साठ-पासष्ट वर्षांनी आकड्यांत उतरवल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध केल्या. त्यांचा निष्कर्ष असा की लाटांची ऊर्जा उथळ पट्ट्यात अडकून किनाऱ्याला समांतर फिरत राहिली. म्हणून मोठी लाट पहिली आली नाही. समुद्र शांत झाला असं वाटल्यावर ती आली.

चार महिन्यांनी : १ एप्रिल १९४६

अलास्काजवळच्या अल्यूशियन बेटांपाशी भूकंप झाला. पाच तासांच्या आत लाट हवाई बेटांवर पोचली. तिथे १५९ माणसं गेली. तिथेही वेळ होता आणि सूचना नव्हती. अमेरिकेने १९४९ मध्ये होनोलुलूजवळ इशारा केंद्र सुरू केलं.

भारतात हवामान खात्याच्या सी. जी. पेंडसे यांनी मकरानच्या भूकंपावर टिपण लिहिलं. वेळा, उंच्या आणि नुकसान आज आपल्याला कळतं त्यातलं बरंच त्यांच्यामुळे. टिपण दप्तरात गेलं. इशारा केंद्र झालं नाही.

दरम्यान, वाळूत

माणसांच्या नोंदी संपतात तिथून भूविज्ञान सुरू होतं. ओमानमधल्या सूरच्या खाजणात चिखलाखाली शिंपल्यांचा एक थर सापडला. संशोधकांनी तो १९४५ च्या लाटेचा ठरवला. त्यातल्या अनेक शिंपल्यांची दोन्ही पुडं अजून एकमेकांना जोडलेली आहेत. शिंपला मेल्यावर रोजच्या लाटांत पुडं सुटी होतात, कडा घासून गोल होतात. इथे जोड शाबूत आणि तुटलेल्या तुकड्यांच्या कडा धारदार. म्हणजे ते एका झटक्यात उचलले गेले आणि एका झटक्यात गाडले गेले.

ओरमाऱ्याला उचलले गेलेले जुने किनारे पायऱ्यांसारखे एकावर एक आहेत. त्यातल्या शिंपल्यांचं वय काढून जमीन याआधी कधी उचलली गेली याचा अंदाज बांधता येतो. १९४५ ही पहिली वेळ नव्हती.

रत्नागिरी जिल्ह्यात, दाभोळच्या उत्तरेला, केळशीच्या खाडीपाशी वाळूची मोठी टेकडी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी तिची कापलेली बाजू तपासली. वाळूत शिंपले, खापरं, हाडं असे गावातले आणि समुद्रातले जिन्नस एकत्र आढळले. हा थर १५२४ च्या लाटेने आणला, असं काहींचं म्हणणं. मोठं चक्रीवादळही असं करू शकतं, असं इतरांचं. निकाल लागलेला नाही. लाटेचा थर वादळाच्या थरापासून वेगळा ओळखायचा तर तळाची रेषा किती तीक्ष्ण आहे, भरड वाळू खाली आणि बारीक वर अशी रचना आहे का, खोल पाण्यातल्या सूक्ष्मजीवांची कवचं आत आहेत का, थर किनाऱ्यापासून किती आत गेला आहे, हे सगळं जुळावं लागतं.

दाभोळसमोर गलबतं हादरल्याची बखर आणि केळशीची वाळू एकाच घटनेच्या निघाल्या, तर कोकणातल्या किनाऱ्यावर १९४५ पेक्षा मोठं पाणी येऊन गेलं असं मानावं लागेल.

५९ वर्षांनी : २६ डिसेंबर २००४

सुमात्राजवळच्या भूकंपाने उठलेली लाट दोन ते अडीच तासांत तमिळनाडूच्या किनाऱ्यावर आली. त्या दिवशीही भारताकडे त्सुनामीचा इशारा देणारं केंद्र नव्हतं. ते हैदराबादला ऑक्टोबर २००७ मध्ये सुरू झालं. आता समुद्रतळावरचे दाबमापक आणि किनाऱ्यावरचे भरतीमापक त्याला जोडलेले आहेत आणि सुमात्रेबरोबर मकरानच्या भेगेवरही त्याची नजर आहे. मोठ्या भूकंपानंतर दहाएक मिनिटांत पहिली सूचना निघावी अशी रचना आहे.

२४ सप्टेंबर २०१३ ला बलुचिस्तानात अवारानला ७.७ तीव्रतेचा भूकंप झाला. केंद्र जमिनीवर असूनही ग्वादरसमोर समुद्रातून चिखलाचं बेट वर आलं आणि ओमानच्या भरतीमापकांवर छोट्या लाटा उमटल्या. मकरानचा पश्चिमेकडचा, इराणच्या बाजूचा भाग १९४५ मध्ये फुटला नव्हता. तिथे किती ताण साठला आहे यावर शास्त्रज्ञांत एकमत नाही.

३.२७ ला पुन्हा तसाच भूकंप झाला तर पावणेचारच्या आत मुंबईत निरोप येईल. हाती साडेचार तास उरतील. त्यात करायच्या गोष्टी थोड्या आहेत. हाजी अलीची वाट बंद करायची. वर्सोवा, दांडा, जुहूच्या किनाऱ्यावरची माणसं आत आणायची. समुद्रात असलेल्या होड्यांना बंदराकडे फिरवायचं नाही, खोल पाण्यात थांबायला सांगायचं. आणि पहिलं पाणी ओसरलं म्हणून कोणाला परत खाली सोडायचं नाही. कराचीत सर्वांत मोठी लाट चौथी होती.